वरच्या फळीवरच्या हिरव्या टिकल्या

समजा, मुलांनो, तुम्ही दहा वर्षांचे आहात. ज्यांना खरंच दहावं चालू आहे त्यांनी समजायचीही तसदी घेऊ नये. समजा, तुम्हाला कडकडून भूक लागली आहे. समोर बिस्किटांची बशी आहे. आणि एक बिस्किट उचलण्याआधी तुम्हाला त्याच्या पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आहेत. मैदा आहे का? गव्हाचा कोंडा? जवाचा अर्क? सगळं ठीक निघालं, तरी अगदी तळाशी, पाकीट जिथे चिकटवतात त्या दुमडीत, 'या कारखान्यात गव्हाचे पदार्थही तयार होतात' असं एक वाक्य दडून बसलंय का? असेल तर बिस्किट परत बशीत. नसेल तरी आईला विचारायचं. आई चष्मा शोधणार, पुन्हा पहिल्यापासून वाचणार, आणि मग मान हलवणार. तोवर भूक तरी निघून गेलेली असते, नाहीतर बिस्किटं तरी.

खारूचं रोज असं व्हायचं. खारू हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. ती खारीसारखी सरसर कुठेही चढायची आणि कुरतडून कुरतडून खायची, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. तिला सिलिॲक नावाचा आजार होता. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन म्हणून एक चिवट पदार्थ असतो. तुमच्याआमच्या पोटाला त्याचं काही वाटत नाही. खारूचं पोट मात्र त्याला शत्रू समजायचं, आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच आतड्याची नासधूस करून घ्यायचं. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपाय एकच, ग्लुटेन पोटात जाऊ द्यायचं नाही. कणभरही नाही. सुरीला लागलेला पावाचा चुरासुद्धा नाही.

खारूची आई ग्रंथालयात काम करायची. पस्तीस हजार पुस्तकांमधलं कुठलंही पुस्तक ती दोन मिनिटांत काढून देई, कारण प्रत्येक पुस्तकावर चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीची वहीत नोंद होती. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी तिने घरातलं स्वयंपाकघरही तसंच लावून टाकलं. खारूला चालणाऱ्या प्रत्येक डब्यावर एक गोल हिरवा कागद चिकटवला. घरात त्याला हिरवी टिकली म्हणू लागले. टिकली लावली की लगेच एका जाड वहीत नोंद: पदार्थ, कंपनी, पाकिटावरचा मजकूर, तारीख.

नियम दोनच होते. खारूसाठी नियम असा, की हिरवी टिकली दिसली की डोळे मिटून खायचं, विचारायचं नाही. आणि बाकीच्यांसाठी नियम असा, की हिरवी टिकली दिसली की हात लावायचा नाही. ते खारूचं. तिच्या डब्यात आपला चमचा नाही, आपलं बोट नाही, आपला श्वाससुद्धा नको.

पथ्य सुरू झालं आणि तीन-चार महिन्यांत खारूचे गाल भरले. रक्ताच्या तपासणीत एक आकडा यायचा. तो जितका खाली तितकं चांगलं. आधी तो शंभराच्या वर होता, तो चाळिसावर आला. खारू चार बोटं उंचही झाली. आईने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारली.

आणि मग आठव्या महिन्यात, एका मंगळवारी, पुढचा रिपोर्ट आला. आकडा बहात्तर.

"चढलाय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद आईकडे सरकवला. "ग्लुटेन कुठून तरी आत येतंय. नेमानं येतंय."

"शक्यच नाही," आई म्हणाली. "माझ्याकडे वही आहे."

"वही असेल हो. पण आकडा वही वाचत नाही ना. शोधा."

खारू खुर्चीत पाय हलवत बसली होती. ते पाय थांबले. पुढच्याच आठवड्यात शाळेची तीन दिवसांची सहल होती. तळ्याकाठी तंबू, रात्री शेकोटी, सकाळी होड्या. आजाराचं कळल्यापासून खारू एकदाही घराबाहेर मुक्कामाला गेली नव्हती. आईने कबूल केलं होतं, आकडा उतरला तर सहल. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत नाव द्यायचं होतं.

"आता कसली सहल," घरी येताना आई म्हणाली.

बाबांनी मध्ये तोंड घातलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, त्यामुळे वर-खाली अडकलेल्या माणसांविषयी त्यांना जरा जास्तच कळवळा होता. "असं करू या," ते म्हणाले. "कारण सापडलं तर सहल. कारण कळलं की ते बंद करता येईल. मग भीती कसली?"

आईने बराच वेळ विचार केला. "शुक्रवारच्या आत सापडलं तर," ती म्हणाली.

आईचा पहिला संशय कारखान्यांवर गेला. बुधवारी तिने रजा टाकली आणि प्रत्येक पाकिटावरच्या नंबरला फोन लावायला सुरुवात केली.

"तुमच्या पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' असं लिहिलंय. ते खरं आहे का?"

"हो मॅडम, लिहिलंय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"लिहिलंय ते मलाही दिसतंय. खरं आहे का ते विचारतेय."

"मॅडम, खरं नसतं तर लिहिलं नसतं."

"मग खाली बारीक अक्षरात 'गव्हाचा अंश असू शकतो' असं का लिहिलंय?"

"ते असू शकतो, मॅडम."

"म्हणजे आहे?"

"नसूही शकतो."

"अहो, माझ्या मुलीच्या पोटाचा प्रश्न आहे. तुम्ही स्वतः द्याल का हे एखाद्या आजारी मुलीला?"

"मॅडम, मी इथे नवीन आहे," ती मुलगी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आईने चार पाकिटं बाद केली आणि वहीतल्या त्यांच्या नोंदीही खोडल्या. मग तव्यावर संशय आला, तवा बाद. लाकडी पळ्यांच्या भेगांत जुनं पीठ असेल म्हणून पळ्या बाद. टूथपेस्टची नळी भिंगाखाली गेली. खारूच्या शाळेतल्या डिंकाची बाटलीसुद्धा तपासून झाली, कारण खारू लहानपणी बोटाचा डिंक चाटायची.

घरातले बाकी तिघे जण या मोहिमेत अगदी हिरिरीने उतरले होते. "कारखानेवाले चोर आहेत, सूनबाई," आजोबा म्हणाले. ते पूर्वी जमिनीची मोजणी करायचे, त्यामुळे कुणीतरी हद्द ओलांडली असं ऐकलं की त्यांना स्फुरण चढे. "वहिनी, मला तर तो पळीचाच प्रकार वाटतोय," आत्या म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि दिवसातून चाळीस वेळा हात धुवायची. बाबा नुसते "नक्कीच, नक्कीच" म्हणत होते.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती आईला माहीत नव्हती आणि त्या तिघांनाही एकमेकांची माहीत नव्हती.

आजोबांना गोड बंद होतं. डॉक्टरांनी बंद केलं होतं आणि घरात ते चौघांनी मिळून बंद ठेवलं होतं. आजोबांनी बिस्किटं कुठेही लपवली तरी कुणीतरी ती काढून टाकायचं. मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की या घरात एक जागा अशी आहे जिथे कुणीच कधी हात घालत नाही. त्यांनी आईच्या खणातून एक हिरवी टिकली घेतली, क्रीमच्या बिस्किटांच्या डब्यावर चिकटवली आणि डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागे ठेवून दिला. खारूची फळी खालून तिसरी. वरच्या फळीवर तिचा हात पोचतच नव्हता, हे त्यांनी नीट मोजून पाहिलं होतं. मोजणीवाले ना ते.

बाबांना पिठात घोळून तळलेले शेंगदाणे आवडायचे. पण बरणी आणली की आत्या ती एका बैठकीत फस्त करायची. बाबांनी एक टिकली घेतली. आत्याला वेफर्सची चॉकलेटं आवडायची, आणि ती बाबा पळवायचे. आत्यानेही एक टिकली घेतली. प्रत्येकाला वाटलं, ही युक्ती काय आपल्यालाच सुचली.

शिवाय आणखी एक कारण होतं, ते कुणी मोठ्याने बोलत नसे. खारूसमोर बसून गव्हाचं काही खायचं कुणाच्याच जिवावर यायचं. ती काही म्हणायची नाही. नुसती बघायची, आणि मग दुसरीकडे बघायची. म्हणून जो तो आडोसा शोधत होता.

तर खारूचा हात वरच्या फळीला पोचत नव्हता. पण पथ्यामुळे खारू चार बोटं वाढली, आणि चार बोटं वाढल्यामुळे तिचं पथ्य मोडलं. टाचा उंचावल्या की आता तिला तिथल्या हिरव्या टिकल्या दिसायच्या. टिकली दिसली की डोळे मिटून खायचं, विचारायचं नाही.

गुरुवारी दुपारी आजोबांनी आपला डबा उघडला आणि बिस्किटं मोजली. सोमवारी अकरा होती. आता सात. आजवर त्यांना बाबांचा संशय होता. बाबांना शेंगदाण्यांबाबत आत्याचा होता आणि आत्याला चॉकलेटांबाबत बाबांचा. पण तक्रार करणार कोणाकडे? आपलाच चोरीचा माल चोरीला गेला म्हणून कोण ओरडतं?

आज मात्र आजोबांनी डब्यावरच्या हिरव्या टिकलीकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेकडे पाहिलं, आणि ते मटकन खाली बसले. सूनबाईला सांगावं तर तोंड कुठे लपवायचं? न सांगावं तर पोरीची सहल जाणार. आणि सहलीचं एक वेळ राहू दे, पोरीचं आतडं? आधी डबा घराबाहेर काढू, मग बोलू, असं त्यांनी ठरवलं. पण इतक्यात खारू शाळेतून आली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आई शेजारी भिंग परत करायला गेली तेव्हा आजोबा हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात शिरले. कपाटाचं दार आधीच उघडं होतं. कपाटासमोर आत्या उभी होती.

"काय गं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. चमचा शोधतेय."

"वरच्या फळीवर?"

"तुम्ही काय शोधताय?"

"मीही चमचाच."

तेवढ्यात बाबा आत आले, दोघांना पाहून थबकले आणि म्हणाले, "मला जरा चमचा हवा होता."

पुढे काय झालं ते पटकन झालं. आत्याने एक डबा ओढून पाठीमागे धरला. आजोबांनी दुसरा पोटाशी घेतला. बाबांनी बरणी काढून सदऱ्याखाली सारली. लिफ्टवाल्या माणसाचा सदरा ढगळा असतो हे बरं. आणि नेमकी त्याच वेळी आई दारात आली. तिच्या काखेत ती जाड वही होती, मागे खारू.

"बरं झालं, सगळे इथेच आहात," आई म्हणाली. तिचे डोळे दोन दिवसांच्या जागरणाने लाल झाले होते. "मी ठरवलंय. टिकलीचं जे जे आहे ते सगळं टेबलावर मांडायचं. एकेकाची वहीशी पडताळणी करायची. आणि तरीही नाही सापडलं तर उद्या सगळंच तपासणीला पाठवून देणार. हे तुमच्या पोटाला काय झालंय?"

"गॅस," बाबा म्हणाले. सदऱ्याखाली शेंगदाणे खळखळले.

मांडामांड झाली. तिघांना हातातलं टेबलावर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ठेवताना तिघांनीही आपला डबा गर्दीच्या मधोमध सारला. खारूने मोजलं. "एकवीस," ती म्हणाली.

आईने वही उघडली. "सतरा," ती वाचून म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्या पानापासून बोट फिरवलं. "सतराच. माझ्या नोंदी चुकत नाहीत. एकवीस कसे?"

नळाचा थेंब टपकला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "तो निळा डबा माझा. क्रीमची बिस्किटं आहेत. मैद्याची." आणि मग त्यांना खाली बघूनच बोलता आलं. "पोरीचा हात पोचत नाही असं मोजलं होतं मी. मुलं वाढतात हे मोजायचं राहिलं."

आत्याने तोंडावर हात ठेवला. बाबांनी बरणीकडे बोट केलं. मग आत्यानेही आपला डबा पुढे ओढला. "वहिनी, मी रोज लोकांना तोंड उघडायला सांगते," ती म्हणाली, "आणि माझं तोंड काही उघडलं नाही. मला वाटलं दादाच खातोय."

"आणि मला वाटलं तू," बाबा म्हणाले.

आई खारूकडे वळली. "खारू, तू खाल्लंस यातलं?"

"टिकली होती," खारू म्हणाली.

"अगं पण मला सांगायचं तरी, की वर काहीतरी नवीन आहे म्हणून."

खारूने वरच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू पाकीट परत वाचलं असतंस. मला काही आवडलं असं सांगितलं की तू परत वाचतेस, आणि परत वाचलं की ते बंद होतं. म्हणून नाही सांगितलं. मला वाटलं, चला, कुठल्यातरी कारखान्याला अखेर जमलं. अगदी खऱ्यासारखं लागत होतं."

"पोट दुखलं नाही तुझं?"

"दुखायचं थोडं. मला वाटलं सहलीच्या काळजीनं दुखतंय."

आईने डोळे टिपले आणि वही मिटली. "सापडलं एकदाचं," ती म्हणाली. "तिघांशी मी नंतर बोलते. चला, आवरा हे."

"थांब ना आई," खारू म्हणाली. तिने बोटांवर हिशेब केला. "एकवीसमधून तीन गेले, अठरा. वहीत सतरा आहेत."

"मोजताना चुकली असशील."

खारूने पुन्हा मोजलं. या वेळी आत्यानेही मोजलं, आणि मोजणीचा विषय म्हटल्यावर आजोबांना राहवेना, त्यांनीही मोजलं. अठरा. मग आजोबांनी एकेक डबा उचलून नाव वाचायचं आणि खारूने वहीत शोधायचं, असं सुरू झालं. शेवटी एक उंच पत्र्याचा डबा उरला. त्यावर टिकली होतीच, शिवाय कारखान्याने छापलेलं 'ग्लुटेनमुक्त' असं मोठ्या अक्षरातलं लेबलही होतं. डबा अस्सल होता.

"याची नोंद नाही," खारू म्हणाली.

"असेल, पुढच्या पानावर असेल," आई घाईने म्हणाली. "तो राहू दे, तो मला माहीत आहे."

बाबांनी झाकण काढलं. आत टोस्ट होते. साधे, गव्हाचे, कडक टोस्ट. वरच्या थरातले निम्मे संपले होते.

आई खुर्चीवर बसली.

"कामावरून आल्यावर एक," ती म्हणाली. "चहात बुडवून. खिडकीकडे तोंड करून उभी राहून खायचे मी. हिच्यासमोर कसं खाणार? जुना डबा रिकामा पडला होता, त्याची नोंदही खोडून झाली होती, म्हणून त्यात." मग ती हळूच म्हणाली, "पटापट संपत होते. मला वाटलं, काळजीनं मीच जास्त खातेय."

"ते फार छान होते," खारू म्हणाली. "सगळ्यात छान."

हे ऐकून आईला रडावं की हसावं ते कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं करून पाहिलं. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मघापासून मनात होतं ते बोलून टाकलं. "कारण तर सापडलं. शुक्रवारच्या आत सापडलं."

"हो, पण आता मला अजूनच भीती वाटतेय," आई म्हणाली. "घरात, माझ्या डोळ्यांसमोर हे झालं. तिथे तळ्याकाठी दीडशे मुलांचं रांधणार. कोण बघणार? त्या स्वयंपाकघरात काय काय असेल कुणास ठाऊक."

"आई," खारू म्हणाली, "इथल्या स्वयंपाकघरात काय काय होतं?"

आईने टोस्टच्या डब्याचं झाकण लावलं.

"तिथे निदान पाव पावासारखा दिसेल. मी तो खाणार नाही. मी पाव कधी खाल्लाय का सांग बरं? मला पावाची भीती नाही वाटत. मी तुम्ही लपवलेलं खाल्लं." ती हे रागावून बोलली नाही. गणित समजावून सांगावं तसं बोलली. "आणि यापुढे तुम्ही माझ्यासमोर बसून खा. मला थोडं वाईट वाटेल. पण पोट तरी नाही दुखणार."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. आत्या उठून हात धुवायला गेली. तिला दुसरं काही सुचलं नाही की ती तेच करायची. आईने टेबलावरचा फोन उचलला, हातात धरून ठेवला, परत ठेवला. मग पुन्हा उचलला आणि वर्गशिक्षिकेचा नंबर लावून खारूकडे दिला. "तूच सांग," ती म्हणाली. "बाईंना सांग, आई हो म्हणतेय."

खारूने फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"बाई, मी सहलीला येतेय."

"अरे वा, फार छान. आम्ही वाटच बघत होतो. आणि हे बघ, जेवणाची अजिबात काळजी करू नकोस," बाई म्हणाल्या. "तिथल्या स्वयंपाकीकाकांना मी तुझं सगळं सांगून ठेवलंय, तुझं भांडंही वेगळं ठेवणार आहेत ते. पण आईला वाटत असेल तर तीन दिवसांचं घरूनच बांधून आण. घरचं ते घरचं. त्याची खात्री असते."

खारूने टेबलाभोवतीच्या चौघांकडे एकेक करून पाहिलं.

"नको बाई," ती म्हणाली, "मी तिथलंच खाईन. फक्त त्या स्वयंपाकीकाकांचा नंबर द्या मला. ते लपून काय खातात, तेवढं विचारून घेते."